बळीचे राज्य येवो

बलिप्रतिपदेला ओवाळताना ‘इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे आपण म्हणतो. पीडा टळली आहे, असे ‘टळो’ सांगत नाही. टळेल, अशी ग्वाहीही देत नाही. ते केवळ इच्छा धरते. जे घडलेले नाही, पण घडावेसे वाटते, ते बोलण्यासाठी भाषेला क्रियापदाची निराळी रूपे लागतात. शाळेत आपण त्यांना आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ म्हणून घोकलेले असते.

ही रूपे मोठी नाजूक. इंग्रजीत एके काळी त्यांना स्वतंत्र प्रत्यय होते. अकराव्या शतकानंतर शब्दांची शेपटे झिजली, प्रत्यय ओळखू येईनात आणि त्यांचे बरेचसे काम ‘मे’, ‘शुड’, ‘वुड’ या साहाय्यकांनी उचलले. जुने रूप टिकले ते ‘गॉड सेव्ह द किंग’सारख्या प्रार्थनेत. तिथे ‘सेव्हज्’ नाही, ‘सेव्ह’ आहे!

आपल्याकडेही असेच घडले. वेदांतला ‘लेट्’ पुढच्या संस्कृतात उरला नाही. ‘कुर्यात्’सारखी विधिलिङाची रूपे मराठीपर्यंत पोचली नाहीत. मग मराठीने काय केले? ‘कर्तव्य’मधला ‘तव्य’ घेतला. प्राकृतात त्याचा ‘अव्व’ झाला आणि मराठीत ‘करावे’. म्हणून तर आपण ‘तो जावे’ म्हणत नाही, ‘त्याने जावे’ म्हणतो. त्या ‘ने’मध्ये संस्कृतातले ‘तेन गन्तव्यम्’ अजून जिवंत आहे. ‘करोतु’ मात्र ‘करो’ होऊन थेट आपल्यापर्यंत आला.

या घडामोडीच्या खुणा पाहायला पोथ्याच उघडायला हव्यात असे नाही. बीड जिल्ह्यातल्या नेकनूरला जावे. बंकटस्वामींमुळे वारकऱ्यांना परिचित असलेले हे गाव. कीर्तनानंतर पसायदान सुरू झाले की कान द्यावा. शके १२१२च्या, म्हणजे इ. स. १२९०च्या त्या मागणीत ‘तोषावे’ आहे, ‘जावो’ आहे आणि संस्कृतचा ‘तु’ तसाच मिरवणारा ‘होतु’देखील आहे. तीन पिढ्या एका पंगतीला!

हा मुलूख १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मराठीच्या शेजारी इथे उर्दू नांदली. ‘खुदा करे’ या उद्गारातला ‘करे’ आणि ‘आजी रोज पहाटे सडासंमार्जन करी’ यातला ‘करी’ ही सख्खी भावंडे. दोघांचे मूळ ‘करोति’, म्हणजे साधा वर्तमानकाळ. उर्दूने त्याला उद्याच्या आशेत बसवले. मराठीने कालच्या आठवणीत.

प्रत्यय झिजतात, रूपे घरे बदलतात. माणसाची मागण्याची गरज मात्र सुटत नाही. व्यवहाराच्या बोलण्यात जे टिकत नाही, ते आशीर्वाद जपून ठेवतो. यंदा निरांजन हाती घेऊन ‘टळो’ म्हणाल, तेव्हा त्या एका ‘ओ’कारातून कित्येक शतकांची मागणी बोलत असेल. ती सर्वांची पुरी होवो!