जुन्या भिंतींतील वीज

मुंबईत १९०५ साली ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’ अस्तित्वात आली आणि १९०७ साली विजेवरची ट्राम धावली. कालांतराने गिरगावच्या खोताच्या वाडीतील लाकडी घरांतही वीज पोहोचली. त्या काळी लाकडी पट्ट्यांवर रबरी वेष्टनाच्या तारा ठोकीत आणि रखवालीला चिनी मातीचा फ्यूज असे. भार दोन-चार दिव्यांचाच होता.

पुढे घरोघरी फ्रिज, गीझर आले. तारा मात्र अनेक घरांत त्याच राहिल्या. जुने रबर ठिसूळ होते, तार तापते. फ्यूज वारंवार वितळतो म्हणून आम्हीच त्यात जाड तार गुंडाळतो आणि रखवालदाराचेच तोंड बांधतो.

जर्मनीत १९२४ साली ह्यूगो स्टॉट्झ यांनी घडविलेल्या खटक्याची परंपरा सांगणारा एमसीबी तारेला अतिभारापासून वाचवितो. तीस मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी माणसाला वाचवितो. परंतु नवा बोर्ड जुन्या तारांना तरुण करीत नाही. म्हणून तारा, अर्थिंग आणि बोर्ड यांची परवानाधारक तंत्रज्ञाकडून एकत्रच तपासणी व्हावी, असे आम्हाला वाटते. वाडवडिलांचे घर जपणे म्हणजे केवळ भिंती रंगविणे नव्हे.