रजोनिवृत्तीनंतरचे स्त्री-आरोग्य : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

मासिक पाळी कायमची थांबणे ही स्त्रीच्या आयुष्यातील एक नैसर्गिक घटना आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांमध्ये ती सरासरी वयाच्या ४६ ते ४७ व्या वर्षी येते. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१६-२० या कालखंडातील आकडेवारीनुसार भारतीय स्त्रीचे जन्मसमयीचे अपेक्षित आयुर्मान ७१.४ वर्षे इतके होते. याचा अर्थ, स्त्रीच्या आयुष्याचा सुमारे एक तृतीयांश काळ रजोनिवृत्तीनंतरचा असतो. या काळाचा वैद्यकीय इतिहास पाहिला असता एक विसंगती ठळकपणे जाणवते. पाळी गेलेली स्त्री एकतर आरोग्याच्या नोंदवहीतून वगळली गेली किंवा ती नोंदवहीत आली तेव्हा रुग्ण म्हणूनच आली. निरोगी प्रौढ स्त्री म्हणून तिचा विचार फार उशिरा सुरू झाला. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रवृत्तींचा आढावा घेऊन महाराष्ट्रातील अनुभवांच्या आधारे काही निष्कर्ष मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

संज्ञेचा उगम :

रजोनिवृत्तीचे ज्ञान प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत रजोदर्शनाचे वय बारा व रजोनिवृत्तीचे वय पन्नास असे सांगितले आहे. तेथे ती रोग नसून वयोमानानुसार होणारा क्षय आहे. युरोपात गार्दान या फ्रेंच वैद्याने १८२१ मध्ये ‘मेनोपॉज’ ही संज्ञा रूढ केली. त्यानंतर या अवस्थेवर स्वतंत्र ग्रंथरचना होऊ लागली. एडवर्ड टिल्ट या इंग्रज डॉक्टरांचा १८५७ चा ग्रंथ हे त्याचे ठळक उदाहरण होय. या ग्रंथांमधून रजोनिवृत्ती ही अनेक विकारांची जननी असल्याची समजूत दृढ झाली. महाराष्ट्रातील कुटुंबव्यवस्थेत मात्र पाळी जाणे याला वेगळा सामाजिक अर्थ होता. विटाळाचे निर्बंध संपत आणि घरातील ज्येष्ठ स्त्रीला देवकार्यात व कुलाचारात मोकळीक मिळे. मात्र ही प्रतिष्ठा वाढली म्हणून तिच्या शरीराकडे लक्ष दिले गेले, असे नव्हे.

नोंदवहीतील स्त्री :

भारतातील आधुनिक स्त्री-आरोग्यसेवेची पायाभरणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. १८८५ मध्ये डफरिन फंडाची स्थापना झाली आणि १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी डॉ. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत वैद्यकीय पदवी संपादन केली. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र हा होता. बाळंतपणात होणारे मृत्यू पाहता या काळातील प्रयत्नांचा भर प्रसूतीवर असणे स्वाभाविक होते. परंतु त्यातून स्त्री-आरोग्य म्हणजे मातृ-आरोग्य असे समीकरण तयार झाले व ते स्वातंत्र्यानंतरही टिकले. १९५२ च्या कुटुंबनियोजन कार्यक्रमापासून १९९७ च्या प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रमापर्यंत शासनाच्या दृष्टीने स्त्री ही प्रामुख्याने जननक्षम स्त्री होती.

सर्वेक्षणांची वयोमर्यादा हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ मध्ये सुरू झाले. त्यातील स्त्रियांच्या प्रश्नावलीची वरची वयोमर्यादा ४९ वर्षे ठेवण्यात आली. दुसरीकडे, २०१०-११ मध्ये सुरू झालेला वृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम वयाच्या साठीपासून लागू होतो. म्हणजे जी स्त्री माता म्हणून मोजली जात नाही व वृद्ध म्हणूनही मोजली जात नाही, तिची दहा वर्षे दोन नोंदवह्यांच्या मधल्या जागेत जातात. हाडांची घनता वेगाने घटण्याचा, रक्तदाब व मधुमेह बळावण्याचा काळ नेमका हाच असतो. ही पोकळी आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. ४५ वर्षांवरील व्यक्तींचे दीर्घकालीन सर्वेक्षण २०१७-१८ मध्ये झाले असून तिशीनंतरच्या सर्वांसाठी असंसर्गजन्य रोगांची तपासणीही सुरू झाली आहे. तथापि या योजनांना स्त्रीच्या या अवस्थेचा स्वतंत्र विचार फारसा चिकटलेला नाही.

‘कमतरता’ हा सिद्धान्त आणि त्याची परीक्षा :

पाश्चात्त्य देशांत इतिहासाने वेगळे वळण घेतले. १९२३ मध्ये ॲलन व डॉयझी यांनी अंडाशयातील संप्रेरकाचे कार्य दाखवून दिले आणि १९२९ मध्ये इस्ट्रोन हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. गाभण घोडीच्या मूत्रापासून तयार केलेले प्रीमारिन हे औषध १९४२ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आले. याच सुमारास फुलर अल्ब्राइट यांनी रजोनिवृत्तीनंतरचा हाडांचा ठिसूळपणा व इस्ट्रोजेनची घट यांचा संबंध मांडला. हे संशोधन मोलाचे होते. परंतु १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांनी आपल्या लोकप्रिय पुस्तकातून रजोनिवृत्ती हा संप्रेरकाच्या कमतरतेचा रोगच ठरवला. चिरतारुण्याच्या आश्वासनासह हे औषध लाखो निरोगी स्त्रियांपर्यंत पोहोचले.

१९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढत असल्याचे दाखवले. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या संप्रेरकाची जोड देण्यात आली. पुढे अमेरिकेत १९९१ मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यातील १६,६०८ स्त्रियांवरील संयुक्त संप्रेरकांची चाचणी जुलै २००२ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८, पक्षाघाताचे ८ व हृदयविकाराचे ७ रुग्ण अधिक आढळले. तर खुब्याचे अस्थिभंग ५ ने कमी झाले. या आकड्यांनी मोठी घबराट पसरली व स्त्रियांनी औषध झपाट्याने सोडले. नंतरच्या विश्लेषणात मात्र एक बाब स्पष्ट झाली. चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीनंतर दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास लाभ-हानीचे प्रमाण अधिक अनुकूल दिसते. अमेरिकी औषध प्रशासनाने २००३ मध्ये घातलेला ठळक इशारा बव्हंशी काढून टाकण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. गर्भाशय असलेल्या स्त्रीने केवळ इस्ट्रोजेन घेण्याच्या धोक्याचा इशारा मात्र कायम ठेवण्यात आला. अमृत व विष या दोन टोकांमधील हा प्रवास एकच गोष्ट सांगतो. संप्रेरक हे विशिष्ट स्त्रीच्या विशिष्ट त्रासावरील औषध आहे. सर्व स्त्रियांच्या वयावरील उतारा नव्हे.

महाराष्ट्रातील तीन अनुभव :

मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासणी करीत. सौम्य ॲसिटिक आम्ल लावून केलेल्या गर्भाशयमुखाच्या तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. स्तनांच्या हाताने केलेल्या तपासणीचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व वयोगटांत मिळून मृत्युदरातील घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हती. परंतु पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये ती जवळपास ३० टक्के होती. जिथे नोंदवही बंद होते, तिथेच साध्या तपासणीचा लाभ सर्वाधिक दिसला.

दुसरा अनुभव तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील आहे. तेथे ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांच्या अभ्यासात एचपीव्ही विषाणूच्या एकाच चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये दिसून आले. या दोन्ही अभ्यासांतील तुलनागटाला तपासणी न मिळाल्याबद्दल नैतिक आक्षेपही घेतले गेले, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

तिसरा अनुभव वेदनादायक आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये राज्यस्तरीय समितीने केली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील हे देशपातळीवरील प्रमाण सुमारे ३ टक्के होते. पाळीच्या दिवसांतील खाडा, त्यापायी बुडणारी मजुरी आणि कर्करोगाची भीती यांतून ही शस्त्रक्रिया पत्करली जाते. अंडाशयेही काढल्यास रजोनिवृत्ती तत्काळ येते; ती राखली तरी लवकर येण्याची शक्यता वाढते. अशा स्त्रीला हाडांच्या व हृदयाच्या संरक्षणाविना अधिक वर्षे काढावी लागतात आणि तीही कोयता हातात घेऊन.

निष्कर्ष :

१. रजोनिवृत्ती हा रोग नाही. परंतु तिच्यानंतर आरोग्याचे धोके बदलतात. त्यामुळे दुर्लक्ष व सरसकट औषधोपचार या दोन्ही भूमिका अपुऱ्या ठरतात.

२. या काळात स्त्रीला मुख्यतः साध्या गोष्टी लागतात : चालणे व स्नायूंना ताण देणारा व्यायाम, पुरेशी प्रथिने, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व, मिश्री-तंबाखूपासून मुक्ती, रक्तदाब, साखर, स्तन व गर्भाशयमुख यांची नियमित तपासणी. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाल्यास तो ‘वयाचा दोष’ न मानता त्वरित तपासून घेणे अत्यावश्यक आहे.

३. तीव्र त्रास किंवा अकाली रजोनिवृत्ती असल्यास संप्रेरक उपचाराचा विचार वैद्यकीय सल्ल्याने, वय व पूर्वेतिहास पाहून व्हावा.

४. चाळिशी ते साठी या वयातील स्त्रियांची स्वतंत्र नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या स्तरावर ठेवली जाणे आवश्यक आहे.

एकोणिसाव्या शतकाने बाळंतिणीचा मृत्यू मोजायला सुरुवात केली, म्हणून तो पुढे कमी करता आला. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रीच्या बाबतीत मोजणीचे हे काम अजून पूर्ण व्हावयाचे आहे.