मिरची येण्याआधीचं बुऱ्हाणपूर

सन १६१५, नोव्हेंबर. तापीच्या घाटावर तुम्ही उतरता ते भुकेल्या पोटीच. डोळ्यांपुढे अस्सल खानदेशी ताट आहे: वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, झणझणीत शेवभाजी.

गाव मोगलांच्या दख्खन सुभ्याचं ठाणं. शहजादा परवेझ वाड्यात आहे आणि बाकी बहुतेक घरं मातीची. इंग्लंडचा वकील टॉमस रो याच महिन्यात इथे आलाय. नजराण्यात त्याने शहजाद्याला दारूच्या बाटल्या दिल्या आणि त्याच बाटल्यांनी पुढची खासगी भेट बुडवली. असो, तुम्हाला जेवायचंय.

एका ओट्यावर बाई वांगी भाजतेय, कपाशीच्या वाळल्या काड्यांवर. साल करपून फुटते, गर पाणी सोडतो. ती तो लाकडी बडगीत ठेचते, पातीचा कांदा, लसूण, मीठ घालते, वरून कच्चं तेल. "बठ भाऊ, जेवी ले." तुम्ही हिरवी मिरची मागता. तिला कळतच नाही काय मागताय ते. अमेरिकेतली मिरची पोर्तुगीजांनी किनाऱ्यावर आणली खरी, पण या ओट्यापर्यंत ती पोचलेली नाही. तिखट हवं तर मिरी, आणि मिरीला पैसा लागतो. शेंगदाणे, बटाटे, टोमॅटो? तेही अमेरिकेचेच. कळण्याची भाकरी मात्र तशीच, ज्वारी-उडदाची, करड्या रंगाची, जाडसर. पहिल्या घासाला जेवण मिळमिळीत वाटतं. तिसऱ्या घासाला वांग्याचा धूर आणि उडदाचा खमंगपणा कळू लागतो. खरं सांगायचं, मिरचीने आपल्या जिभेला आळशी केलंय.

पलीकडे सणाचे मांडे. सैल कणकेचा गोळा बाई दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत फिरवते. आरपार दिसावा इतका पातळ झाला की उपड्या खापरावर टाकते. मुक्ताईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर भाजले म्हणतात ते हेच मांडे. ती गुप्त झाली तेही याच तापीकाठी, खाली मेहूणला.

पाणी पिताय ते सातपुड्याचं. खानखानान अब्दुर्रहीमच्या, म्हणजे दोहेवाल्या रहीमच्या अमदानीत कुंडी भंडारा याच साली होतोय: डोंगरातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, नुसत्या उताराने गावात येतं. मोट नाही, रहाट नाही.

कुंड्या आजही आहेत, लिफ्टने खाली उतरता येतं. इथली मावा जलेबी काय, रमझानमध्ये मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरही मिळते. बुऱ्हाणपूरला गेलात तर आधी मांडे खा, आणि भरीत एकदा बिनमिरचीचं करायला सांगा.