सहा वर्षं नांगर न धरलेली गावं

कोकणात किंवा देशावर कुणाचा सातबारा हाती आला, तर 'इतर हक्क' हा रकाना जरा नीट पाहावा. पुष्कळदा तिथे 'कुळकायदा कलम ४३ ला पात्र' अशी नोंद असते. जमीन विकायची वेळ आली की तिच्यापायी कचेरीत खेटे घालावे लागतात, आणि घरातलं कुणीतरी कायद्याला शिव्या घालतं. पण त्या ओळीचा अर्थ एवढाच: ही जमीन पूर्वी दुसऱ्याच्या नावावर होती, आपले आजे-पणजे ती कसत होते, आणि कायद्यानं ती त्यांची झाली. या कायद्याची वाट जिथून निघते, त्यातलं एक गाव अलिबाग तालुक्यातलं चरी.

चरी खारेपाटात येतं. बांध घालून खाडी थोपवायची, पावसाला मातीतला खारटपणा धुऊ द्यायचा आणि मग भाताचं एकच पीक घ्यायचं, अशी तिथली शेती. बांधाला एक खांड पडली तरी भरतीचं पाणी शेतात शिरतं. बांध राखायचा कुळानं; जमीन खोताची. खोत हा मुळात सरकारसाठी सारा गोळा करणारा. हळूहळू तो गावाचा मालकच होऊन बसला. पिकाचा निम्मा किंवा त्याहूनही मोठा वाटा खंड म्हणून त्याच्या घरी जाई. वर वेठ होतीच. साल खराब गेलं की खंड थकायचा, थकलेल्याचं कर्ज व्हायचं आणि ते बापाकडून मुलाकडे यायचं.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीत कुळांची सभा भरली. पुढारी होते नारायण नागू पाटील. ठरलं असं की खोताची जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावं या संपात उतरली.

गिरणी कामगार संपावर गेला की मालकाचं यंत्र थांबतं. शेतकरी संपावर गेला की आधी त्याची स्वतःची चूल थांबते. शिवाय खारेपाटात जमीन नुसती पडीक राहत नाही. बांधाकडे दोन-तीन पावसाळे पाहिलं नाही, तर समुद्र ती परत घेतो आणि भाताच्या जागी तिवरं उगवतात. म्हणजे जी जमीन आपली व्हावी म्हणून भांडायचं, तीच डोळ्यांदेखत बुडताना पाहायची. लोकांनी डोंगरातून लाकूडफाटा आणून विकला, मासे-चिंबोऱ्या धरल्या, मिळेल ती मजुरी केली. पण नांगर धरला नाही.

संप चालू असतानाच डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला शेतकरी परिषदेसाठी आले. पुढे नारायण नागू पाटील त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात गेले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक तिथे मांडलं, आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. विधेयक संमत झालं नाही. मात्र तोवर हा प्रश्न खोत आणि कूळ यांच्यातला खासगी व्यवहार उरला नव्हता. तेव्हाचे महसूलमंत्री मोरारजी देसाई स्वतः चरीला आले. १९३९ मध्ये संप मिटला, आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतात कुळांना संरक्षण देणारा पहिला कायदा झाला.

त्यानंतर १९४८ चा कुळकायदा आला, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्यानं तिचं मालक मानलं गेलं. या सगळ्याचं श्रेय एकट्या चरीला देता येणार नाही. स्वातंत्र्यानंतरचं राजकारण, इतर प्रांतांतल्या चळवळी, बरंच काही त्यामागे आहे. पण खंडाचा प्रश्न विधिमंडळाच्या दारापर्यंत नेला, तो उपाशी राहून शेत पडीक ठेवणाऱ्या या माणसांनी.

यातल्या बहुतेकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पुढाऱ्यांची नावं इतिहासात राहिली. बाकीच्यांची राहिली ती तलाठ्याच्या दप्तरात, आधी कूळ म्हणून आणि मग खातेदार म्हणून. आज त्याच पट्ट्यात जमिनीचे भाव गुंठ्यावर बोलले जातात. व्यवहार ठरतो, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं, की इतर हक्कात अजून ती एक ओळ आहे.