कान्हेरीची पोढी आणि चेंबूरची शेड

साष्टीच्या ईस्ट इंडियन घरांतून लग्नाआधी वाजतगाजत 'उंबराचे पाणी' आणण्याची चाल आहे. विहिरीवर जायचे, पाणी भरायचे आणि ते मानाने घरी आणायचे. पाण्याचा उगम कोठे आहे आणि तो कोणी राखला, याची आठवण या चालीने पिढ्यान्‌पिढ्या जागी ठेवली. ती आठवण नळाने पुसट केली. म्हणूनच एक साधा प्रश्न आज आपल्याला अवघड वाटतो. चेंबूरमध्ये एखाद्या सुताराने किंवा लोहाराने पत्र्याची शेड उभारली आणि तिला ना नळ मिळाला ना वीज, तर तिथले काम बारा महिने केवळ पावसाच्या पाण्यावर चालेल काय?

या प्रश्नाचे उत्तर आमच्याच बेटावर दगडात कोरलेले आहे. बोरिवलीच्या डोंगरातील कान्हेरीची लेणी शंभराहून अधिक आहेत. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासून सुमारे हजार वर्षे तेथे वस्ती होती. लेण्यांच्या माथ्यावरून उतरणारे पाणी कातळात खोदलेल्या पन्हळींनी अडवून अंगणाशी असलेल्या टाक्यांत सोडलेले आहे. ब्राह्मी शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. ही पोढी राजांनीच दिली असे नव्हे. कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने एक दिली, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याने एक दिली, तर कल्याणच्याच एका लोहाराने वाट बांधून दिली. ज्यांचे हात भट्टीशी आणि ऐरणीशी झिजले, त्यांना पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागले नसेल. पुढे सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियो दो पोर्तु यांनी तेथील मोठ्या चैत्यगृहात सेंट मायकलचे चर्च केले. उपासना बदलली, राज्ये बदलली; टाक्यांत पाणी मात्र आजही साठते.

मग हे ज्ञान गेले कोठे? १८५४ साली मुंबईत पाण्याचे दुर्भिक्ष झाले. त्यानंतर हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेनुसार साष्टीतच विहार तलाव बांधला गेला आणि १८६० साली त्याचे काम पुरे झाले. १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा आला. साष्टीच्या डोंगरावर पडलेला पाऊस शहराच्या नळात गेला आणि साष्टीची गावे दीर्घकाळ आपल्या विहिरींवरच राहिली. चेंबूर मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले ते १९५० साली. तोवर शहराने विहिरींकडे पाठ फिरविलेली होती, आणि त्यास कारणही होते. डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात शहरातील हिवतापाचा संबंध उघड्या विहिरींत वाढणाऱ्या डासांशी जोडला होता. विहिरी बुजविण्यास धार्मिक कारणांवरून विरोध झाला, तरी पुष्कळ बुजल्या किंवा झाकल्या गेल्या.

आता आपल्या शेडकडे वळू. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. मुंबईच्या उपनगरांत वर्षाला सुमारे २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. छप्पर ५० चौरस मीटरचे धरले, तर १,१०,००० लिटर होतात. पाचवा हिस्सा उडून वा सांडून गेला असे मानले तरी ८८,००० लिटर उरतात. कामाला आणि हातपाय धुण्याला मिळून रोज २०० लिटर लागले, तर कोरड्या आठ महिन्यांची गरज ४८,००० लिटर. म्हणजे पाऊस पुरून उरतो. उणीव पडते ती साठवणीची. पुष्कळ जण येथेच चुकतात. ते पन्हळीखाली २०० लिटरचे पिंप ठेवतात. पाच मिलिमीटरच्या सरीने ते भरते आणि दुसऱ्या दिवशी रिकामे होते. हवे आहे ते ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल टाके. त्यातून हातपंपाने माथ्यावरच्या लहान टाकीत पाणी चढवावे, म्हणजे विजेवाचून तोटीला धार येईल. जादा पाण्याची वाटही रुंद हवी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या छपरावर तो ४७,२०० लिटर पडला असता, म्हणजे जवळजवळ आठ महिन्यांचे पाणी एका दिवसात!

जुन्या चुकाही विसरू नयेत. टाके पूर्ण झाकलेले आणि प्रत्येक तोंडाला बारीक जाळी लावलेले असावे, नाही तर बेंटलींचे डास परत येतील. पहिल्या सरींचे पाणी बाहेर सोडावे. प्रत्येक वेळी शंभरेक लिटर गेले तरी चालेल. चेंबूरला तर हे अधिकच आवश्यक आहे. १९५० च्या दशकात येथे तेलशुद्धीकरण कारखाने आले, त्यामागून खतांचा कारखाना आला आणि हवेने गावाला वाईट नाव दिले. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी केली, तीत चेंबूरही होते. हे पाणी करवतीला, भट्टीला आणि फरशी धुण्याला खुशाल वापरावे. तपासून शुद्ध केल्यावाचून पिऊ नये.

२००२ साली मुंबईत १,००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पाऊसपाणी साठविणे सक्तीचे झाले. २००७ साली ही मर्यादा ३०० चौरस मीटरवर आली. नियम चांगला आहे. परंतु नियमाने टाके बांधून होते, दर उन्हाळ्यात त्यातला गाळ उपसला जात नाही. कान्हेरीच्या दात्यांनी पोढी दिली ती संघाला, म्हणजे जे राहतील आणि जे पुढे येतील त्या सर्वांना. काही लेखांत अक्षयनीवीचा, म्हणजे मुद्दल न मोडता व्याजावर चालणाऱ्या देणगीचाही उल्लेख आहे. दान दिल्यावर ते पुढे कसे चालेल, याचीही काळजी त्यांनी वाहिली.

चेंबूरच्या शेडला टाके बांधायचे असेल, तर पन्हळ लावण्यापूर्वी एवढे ठरवावे: मे महिन्यात आत उतरून ते कोण साफ करणार, आणि तो गेल्यावर कोण? उंबराच्या पाण्याला घागर घेऊन निघणाऱ्या आमच्या आजीला विहीर कोणाची आणि कोण राखतो, हे ठाऊक असे. आम्हांसही ते पुन्हा ठाऊक करून घ्यावे लागेल.