आमची वंशावळ कोणत्या दप्तरात आहे?

इतिहास राजांचा, सरदारांचा आणि त्यांच्या पुरोहितांचा, हा समज येथील प्रस्थापितांनी शतकानुशतके जोपासला. त्यांच्या वंशावळी भाटांनी गायिल्या, तीर्थोपाध्यायांनी वह्यांत उतरविल्या. नाशिकच्या काळाराम मंदिरात जाण्यासाठी १९३० साली ज्यांना सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या आजा-पणजांची नावे तेथल्या वह्यांत कोण आदराने लिहिणार? आमच्या बहुतेक घरांत आजोबांच्या मागे नावे पोचत नाहीत, याचे कारण विस्मरण नव्हे. ही समाजव्यवस्था आहे.

तरीही आमची नोंद झालेली आहे. जेथे आमचे श्रम हवे होते, तेथे ती झाली. पहिली जागा वतनाचे कागद. ज्या महारकीने माणसाला गावाचा बिनमोल चाकर केले, तिच्याच दप्तरात वतनदारांची नावे, तक्षिमा आणि वारसनोंदी आहेत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. ती कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. गुलामी गेली हे चांगलेच झाले, पण तिचे कागद आपल्याला हवे आहेत. जुने कागद मोडीत आहेत. तेव्हा आपल्या तरुणांनी मोडी शिकली पाहिजे.

दुसरी जागा पलटण. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांमध्ये ‘नाक’ या शेवटाची नावे कोरलेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली. तोवर नोकरी केलेल्यांचे पेन्शनीचे कागद काही घरांतल्या पेट्यांत अजून असतील.

तिसरी जागा शाळेचे जनरल रजिस्टर. येथे जपून वाचावे लागते. १ जून ही जन्मतारीख पुष्कळदा गुरुजींच्या सोयीची असते. आडनावही तसेच. बाबासाहेबांच्या वडिलांचे आडनाव सकपाळ. आंबेडकर हे नाव शाळेत लागले. आडनावाच्या आधाराने मागे जाणारा संशोधक येथेच वाट चुकतो. त्याने गाव, देवक आणि सोयरिकी धरून मागे जावे.

आज शासनही आम्हांला वंशावळ विचारते, पण ती जातीच्या पुराव्यासाठी. अनुसूचित जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा कागद मागितला जातो. म्हणजे १९५६ साली ज्या आजोबांनी धम्मदीक्षा घेऊन जात नाकारली, त्यांच्या नावापुढे जात कोठे लिहिली आहे हे नातवाने शोधायचे! तो कागद मिळाला की शोध थांबतो. आजोबा कोण होते, हा प्रश्न तसाच राहतो.

त्याचे उत्तर दप्तरात नाही, माणसांत आहे, विशेषतः बायांत. वारसनोंदीत बाई आली तर बहुधा विधवा म्हणून येते. परंतु कोणत्या दुष्काळात गाव सोडले, मुंबईत कोणत्या चाळीत उतरले, दीक्षेनंतर घरातले देव कोणी काढले, हे तीच सांगू शकते. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी १९८९ च्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथासाठी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून त्यांच्याच तोंडून इतिहास मिळविला. तीच पद्धत प्रत्येक घराला लागू आहे.

एक धोका मात्र ओळखला पाहिजे. आपले मूळ एखाद्या राजकुळात दाखविण्याचा मोह होतो. तो मोह म्हणजे त्याच उतरंडीला दिलेली मान्यता. मेलेली ढोरे ओढणारा पणजा आणि शेणी थापणारी पणजी यांची नावे जशी होती तशीच लिहिली पाहिजेत. दप्तरात ‘धोंड्या’ असेल तर तसे लिहावे, आणि घरात त्याला काय म्हणत तेही शेजारी लिहावे.

दीक्षा डोळ्यांनी पाहिलेली पिढी आता ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहे. कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी वही घेऊन आधी आपल्याच घरातल्या म्हातारीपुढे बसावे. दप्तरे उद्याही उघडता येतील. तिला विचारायचे ते आजच विचारले पाहिजे.