दयेपासून हक्काकडे

वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज अमदानीत ‘मिझेरिकॉर्दिया’ नावाची धर्मसंस्था होती. इ. स. १४९८ साली लिस्बन येथे निघालेल्या संस्थेच्या धर्तीवरची ती होय. रोग्यांची शुश्रूषा व अनाथांचा सांभाळ हे अशा संस्थांचे कार्य असे. रोग्यास तेथे जे मिळे ती दया, हक्क नव्हे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि तो काळ सरला.

आजाराचा खर्च अनेकांनी आगाऊ वर्गणी भरून वाटून घ्यावा, ही कल्पना निराळी. १९४८ च्या कायद्याने कामगारास तो हक्क मिळाला. मध्यमवर्गास मात्र १९८६ पर्यंत, सरकारी कंपन्यांचा ‘मेडिक्लेम’ निघेपर्यंत, वाट पाहावी लागली. खासगी कंपन्यांना दार उघडले ते १९९९ च्या कायद्याने. तेव्हापासून विरार-नालासोपाऱ्याच्या बिऱ्हाडांतही प्रश्न उभा राहिला : विमा किती रकमेचा?

नुसता आकडा फसवा असतो. काही पॉलिसींत खोलीचे रोजचे भाडे विमारकमेच्या शेकडा एक इतकेच मान्य असते. म्हणजे पाच लाखांस ५,००० रुपये. रोग्याने १०,००० ची खोली घेतली, तर भाडेच नव्हे, शस्त्रक्रियेची फीही निम्मीच पदरात पडते! औषधांना बहुधा ही कात्री लागत नाही, एवढेच समाधान. जुन्या दुखण्यांसाठी थांबण्याची कमाल मुदत २०२४ साली चार वर्षांवरून तीनवर आली. आणि वसईचा रोगी पुष्कळदा मुंबईस न्यावा लागतो. तेव्हा रक्कम ठरवताना दर धरावयाचे ते मुंबईच्या इस्पितळांचे.